परळचं त्रैमासिक आणि आमचा काका

गेल्या महिन्यात आमच्या विंगमध्ये एक आनंदाची बातमी आली. रूममेट मंग्याचा फायनल इयर प्रोजेक्टवरचा पेपर चक्क 'इंटरनॅशनल जर्नल'मध्ये ॲक्सेप्ट झाला! सोमवारी रात्री पाठवला आणि बुधवारी सकाळी मेल आला. आठ पानांचा पेपर, पण एकही शंका नाही, एकही दुरुस्ती नाही. फक्त पंधराशे रुपये भरायचे आणि सर्टिफिकेटवर नाव कसं छापायचं ते कळवायचं. मंग्याने कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. मी सहज विचारलं, "काऊन बे, दोन दिवसांत त्यांनी वाचला तरी कधी?" तर म्हणे, "तुले काय करा लागते? इम्पॅक्ट फॅक्टर सात आहे त्याचा, सात!"

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नेमकं काय, हे मंग्याला माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. ते शोधता शोधता मी जाऊन पोहोचलो मुंबईच्या परळला, के.ई.एम. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी चालवलेल्या एका त्रैमासिकापर्यंत. आता इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात डॉक्टरांच्या नियतकालिकावर लेख कशाला, असं आमच्या एका सरांनी विचारलंच. सर, त्याचा संबंध आमच्या काकाशी आहे. आणि ज्याच्या घरी पऱ्हाटी आहे त्या प्रत्येकाशी आहे.

२०१७ चा पावसाळ्याचा शेवट यवतमाळ जिल्ह्यातला कोणी विसरणार नाही. कपाशी डोक्यापर्यंत वाढलेली, त्यात अळी आणि पांढऱ्या माशीचा कहर, म्हणून दोन-दोन औषधं एकत्र करून फवारणी चाललेली. उंच झाडावर फवारलं की तुषार आपल्याच तोंडावर येतात. अंगात साधा शर्ट, तोंडाला दुपट्टा. त्या हंगामात आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने गेले आणि शेकडो जणांना भरती करावं लागलं. मी तेव्हा आठवीत होतो. आमचं गाव आर्णीकडचं. काका संध्याकाळी वावरातून आला तो ओट्यावरच बसला. घाम थांबेना, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, दंडाचे स्नायू आपोआप उडत होते. रात्री यवतमाळला नेलं. बाबांनी हुशारी केली होती, औषधाचा डबा सोबत घेतला होता. ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडम अगदी तरुण होत्या. त्यांनी डबा पाहिला, ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं औषध आहे म्हणाल्या आणि ॲट्रोपिन सुरू केलं.

बाजूच्या खाटेवरच्या पेशंटला आणखी एक इंजेक्शन चालू होतं. बाबा म्हणाले, "मॅडम, आमच्या भावाले ते दुसरं काऊन नाही देत?" मॅडमनी मोबाईलवर काहीतरी पाहिलं आणि म्हणाल्या, "त्या इंजेक्शनबद्दल जगात दोन मतं आहेत, भाऊ. त्यातलं एक बारामतीचं आहे."

काका वाचला. आठव्या दिवशी घरी आला. पण 'त्यातलं एक बारामतीचं आहे' हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. जगात दोन मतं, आणि त्यातलं एक बारामतीचं!

आधी थोडक्यात ती दोन मतं सांगतो, कारण पुढचा सगळा विषय त्यातूनच उघडतो. आपल्या मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायूला, ग्रंथीला सिग्नल मिळतो. सिग्नल पोहोचला की एक एन्झाइम ते रसायन लगेच साफ करतं, म्हणजे स्विच ऑफ होतो. ऑर्गॅनोफॉस्फरस औषध या एन्झाइमलाच जाम करतं. मग सिग्नल ऑनच राहतो, म्हणून घाम, लाळ, आकडी, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. ॲट्रोपिन हे रिसीव्हरच्या बाजूला अडथळा घालतं. दुसरं इंजेक्शन, प्रालिडॉक्सिम, हे जाम झालेला स्विच मोकळा करायचा प्रयत्न करतं. पण उशीर झाला तर तो स्विच कायमचा चिकटतो, मग त्याचा उपयोग नाही.

हे इंजेक्शन किती आणि कसं द्यावं यावर बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर चाचणी केली. एका गटाला अधूनमधून डोस, दुसऱ्या गटाला ४८ तास सतत, जास्त प्रमाणात. सतत दिलेल्या गटात मृत्यू १ टक्का, दुसऱ्या गटात ८ टक्के. हा निबंध डिसेंबर २००६ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. जिल्ह्याचं ठिकाणही नसलेल्या गावातल्या एका खाजगी दवाखान्याचं काम जगातल्या सर्वात नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात! पुढे २००९ मध्ये मायकेल एडल्स्टन आणि त्यांच्या श्रीलंकेतल्या सहकाऱ्यांनी २३५ रुग्णांवरची चाचणी 'प्लॉस मेडिसिन'मध्ये छापली. तिथे या इंजेक्शनचा फायदा दिसला नाही. उलट ते दिलेल्यांमध्ये मृत्यू थोडे जास्तच होते, जरी तो फरक योगायोगाने पडलेला असू शकतो इतपतच होता. बारामतीला रुग्ण लवकर पोहोचत होते, व्हेंटिलेटर होते, कीटकनाशकं वेगळी होती, असे खुलासे दिले जातात. वाद मिटलेला नाही.

म्हणजे त्या रात्री यवतमाळच्या वॉर्डात माझ्या काकाच्या खाटेशी बारामती आणि श्रीलंका दोन्ही उभे होते. त्यांना तिथे आणलं कोणी? तर छापील, तपासलेल्या, शोधता येणाऱ्या निबंधांनी. नियतकालिकाचा 'प्रभाव' म्हणतात तो मला तेव्हापासून असा दिसतो.

पण एक गोष्ट खटकते ना? बारामतीचं काम लंडनला जाऊन यवतमाळला आलं. सरळ का नाही आलं?

याचं उत्तर शोधायला जरा मागे जावं लागेल. सर्पगंधा ही वनस्पती तुमच्या आजीलाही माहीत असेल. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो आणि वेडाच्या झटक्यात रुग्ण शांत होतो असं लिहिलं. कुठे? 'इंडियन मेडिकल वर्ल्ड' नावाच्या कलकत्त्याच्याच नियतकालिकात. बाहेरच्या जगाने त्याची दखल घेतली नाही. मग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी अनेक वर्षं आपल्या रुग्णांवर तेच औषध वापरून पाहिलं आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध लिहिला. तेव्हा मात्र चक्रं फिरली. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्सनी ते औषध तिकडे वापरायला घेतलं, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रिसर्पिन वेगळं काढलं, आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. वनस्पती तीच, गुणही तेच. अठरा वर्षांचा फरक पडला तो कागद कोणत्या टेबलावर पोहोचला याने.

दुसरं उदाहरण तर के.ई.एम.च्याच आवारातलं. १९५२ मध्ये सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही असे लोक सापडले की ज्यांचं रक्त तपासलं तर 'ओ' गटाचं वाटतं, पण त्यांना 'ओ'चं रक्तही चालत नाही! ए, बी हे प्रकार ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा घटकच त्यांच्या रक्तात नव्हता. लंडनच्या तज्ज्ञांसोबत त्यांनी हे दोन पानांत लिहिलं आणि 'लॅन्सेट'मध्ये छापलं. आज जगभरच्या रक्तपेढ्या त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं नाही बदललं. (रक्तदान शिबिरात आपलं कार्ड बघताना हे आठवा. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक असा माणूस असतो असं सांगतात, आणि त्याला फक्त त्याच गटाचं रक्त लागतं.)

आता बघा, परळच्या डॉक्टरांकडे रुग्ण होते, बुद्धी होती, लिहायची सवयही होती. नव्हतं ते जगाने वाचावं असं स्वतःचं नियतकालिक. १९५५ मध्ये त्यांनी ते काढलं. नाव 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'. चालवणारी संस्था म्हणजे कॉलेजची आणि हॉस्पिटलची स्टाफ सोसायटी, म्हणजे शिक्षक डॉक्टरांचीच संघटना. महापालिकेचं हॉस्पिटल, १९२६ पासून गिरणगावच्या मजुरांनी भरलेलं. तिथल्या ओपीडीत सकाळभर रुग्ण तपासायचे, दुपारी विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांचे निबंध तपासायचे. संपादक पगारी नव्हेत. आपल्या कॉलेजचा हा अंक काढताना आमचे संपादक मंडळातले मित्र रात्री दोनपर्यंत कसे जागतात ते मी पाहिलंय. तिथे तर दर तीन महिन्यांनी, आणि चूक झाली तर कोणाचा तरी डोस चुकायचा.

हे त्रैमासिक अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या सूचीत आलं. ही सूची म्हणजे पूर्वीचा 'इंडेक्स मेडिकस', १८७९ पासून छापला जाणारा जाडजूड ग्रंथ, आणि आताचं 'पबमेड', जे १९९७ पासून इंटरनेटवर सगळ्यांना फुकट आहे. या सूचीत असणं म्हणजे टेलिफोन डिरेक्टरीत नंबर असण्यासारखं. नंबर असला म्हणजे कोणी फोन करेलच असं नाही. पण नंबरच नसेल तर करणार कसा? सेन-बोस यांच्या निबंधाचं तेच झालं होतं.

तरीही अडचण होतीच. सूचीत नाव दिसलं, पण अंक कुठे मिळणार? नागपूरच्या एखाद्या मोठ्या लायब्ररीत असेल तर असेल. केनियातल्या डॉक्टरला तर नाहीच. इथे आपल्या मतलबाचा भाग येतो, म्हणजे कॉम्प्युटरचा. २००० सालाच्या सुमाराला या त्रैमासिकाने आपले अंक पूर्णच्या पूर्ण इंटरनेटवर टाकले आणि वाचायला मोफत ठेवले. जुने अंकही चढवले. ओपन ॲक्सेसची ती प्रसिद्ध बुडापेस्ट घोषणा २००२ ची, म्हणजे परळवाल्यांनी जगाची वाट पाहिली नाही. यामागे एक बालरोगतज्ज्ञ होते, डॉ. डी. के. साहू. त्यांनी मुंबईत 'मेडनो' नावाची प्रकाशन संस्था उभी केली. मुलांचे डॉक्टर असून एचटीएमएल, पीडीएफ, समीक्षकांना ऑनलाइन निबंध पाठवायची व्यवस्था या कामात पडले. आपण इंजिनिअर लोक हॉस्टेलच्या मेसचा मेनू अजून खडूने फळ्यावर लिहितो हे इथे नमूद करायला हरकत नाही.

त्यांच्या पद्धतीची गंमत अशी की वाचकाकडून पैसे नाहीत आणि लेखकाकडूनही नाहीत. मग पैसा कुठून? तर छापील अंकाची वर्गणी आणि जाहिराती. सगळे म्हणत होते की इंटरनेटवर फुकट मिळालं तर वर्गणी कोण भरेल. पण ज्या कॉलेजांना कपाटात अंक लागतो ती भरतच राहिली. साहू आणि के.ई.एम.च्या संपादकांनी २००५ मध्ये शिकागोच्या एका परिषदेत आपला अनुभव आकडेवारीसह मांडला: अंक मोफत उघडल्यानंतर इतर संशोधक त्यातले निबंध जास्त प्रमाणात आणि लवकर उल्लेखू लागले. एका लहान नियतकालिकाचा असा अभ्यास तेव्हा नवीन होता. पुढे भारतातली शंभराहून जास्त वैद्यकीय नियतकालिकं मेडनोकडे आली, आणि २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या नेदरलँड्सच्या कंपनीने मेडनोच विकत घेतली. यात आनंद मानायचा की हळहळायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ही मोफत गोष्ट आपल्यासाठी किती मोठी होती ते एका उदाहरणाने कळेल. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'हिनारी' नावाची योजना आणली. गरीब देशांना महागडी वैद्यकीय नियतकालिकं फुकट किंवा अगदी स्वस्तात. छान! पण भारत त्यात नाही. म्हणजे आपण योजनेसाठी श्रीमंत आणि वर्गणीसाठी गरीब. मधल्या पोराला आईबाबा कसे विसरतात तसं.

आता येतो मंग्याच्या सातवर.

योगायोग बघा, ज्या १९५५ साली परळचं त्रैमासिक निघालं, त्याच साली अमेरिकेत युजीन गारफिल्ड या माणसाने 'सायन्स'मध्ये एक कल्पना मांडली: कोणत्या निबंधाने कोणाचा उल्लेख केला याची सूची करू. म्हणजे एखादी कल्पना पुढे कुठे कुठे गेली त्याचा माग काढता येईल. १९६० च्या दशकात त्याने ती सूची प्रत्यक्षात आणली आणि तिच्यातूनच इम्पॅक्ट फॅक्टर निघाला. १९७५ पासून तो दरवर्षी प्रसिद्ध होतो. मुळात तो लायब्ररीत कोणती नियतकालिकं घ्यावीत आणि सूचीत कोणती धरावीत यासाठीचा हिशोब होता.

गणित सोपं आहे, एम-वन पास झालेल्याला तर सहज जमेल. समजा एका नियतकालिकाने २०२२ आणि २०२३ मिळून १०० लेख छापले. २०२४ मध्ये जगातल्या सूचीबद्ध नियतकालिकांत त्या लेखांचे एकूण १५० उल्लेख झाले. तर त्याचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर १५० भागिले १००, म्हणजे १.५. संपलं.

सरासरी आहे, म्हणजे सरासरीचे सगळे रोग आलेच. आमच्या विंगमधले दहा जण धरा. नऊ जण दोन-दोन पोळ्या खातात आणि एकटा पैलवान बत्तीस. सरासरी पाच! त्यावरून मेसवाल्या काकांनी माझ्या ताटात पाच पोळ्या वाढल्या तर? असं प्रत्यक्षात झालेलं आहे. 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये सुमारे २ होता, तो २००९ मध्ये एकदम ४९.९ झाला. काय शोध लागला? काही नाही. २००८ मध्ये जॉर्ज शेल्ड्रिक यांनी 'शेलेक्स' या आपल्या सॉफ्टवेअरचा इतिहास सांगणारा एक लेख लिहिला आणि ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या हजारो संशोधकांनी त्या एका लेखाचा उल्लेख केला. बाकीचे लेख होते तिथेच होते. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत संपादक आणि संशोधकांनी एक जाहीरनामाच काढला की या आकड्यावरून माणसाची किंवा एखाद्या निबंधाची किंमत ठरवू नका. आपल्याकडे बढतीच्या फॉर्ममध्ये तरीही आकड्यांचा रकाना असतोच.

आणि भौगोलिक अडचण वेगळीच. फवारणीची विषबाधा, विंचू, साप हे ज्यांच्या रोजच्या आयुष्यातले प्रश्न आहेत त्या देशांत निबंध लिहिणारे कमी. लिहिणारे कमी म्हणून उल्लेख कमी, उल्लेख कमी म्हणून फॅक्टर कमी. अमेरिकेत हृदयविकारावर लिहिलेल्या सामान्य निबंधालाही आपल्याकडच्या विंचवावरच्या उत्तम निबंधापेक्षा जास्त उल्लेख मिळणार. मृत्यू किती टळले, हा आकडा त्या सूत्रात कुठेच नाही.

विंचवावरून डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव घ्यावंच लागेल. महाडसारख्या ठिकाणी राहून त्यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण रात्ररात्र बसून पाहिले, नोंदी ठेवल्या. विंचवाच्या विषाने हृदय कसं निकामी होतं ते लिहिलं आणि प्राझोसिन नावाची, खरं तर रक्तदाबाची, स्वस्त गोळी त्यावर चालते हे दाखवलं. १९८२ आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांचं काम छापलं. पूर्वी गंभीर दंशाच्या रुग्णांतले तीसेक टक्के दगावायचे, ते प्रमाण अगदी खाली आलं. २०११ मध्ये विंचूप्रतिविष आणि प्राझोसिन यांच्यावरची त्यांची चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तसंच आपल्या वणीच्या पलीकडे, चंद्रपूर ओलांडलं की गडचिरोली. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. न्यूमोनिया-जंतुदोष ओळखायचा, बाळ उबदार ठेवायचं, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाला. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळाला घरी जाऊन भेटण्याची शिफारस केली, आणि २०११ पासून भारत सरकारने आशा ताईंमार्फत ती देशभर सुरू केली. माझ्या चुलतबहिणीला बाळ झालं तेव्हा आमच्या गावची आशा ताई वजनकाटा घेऊन घरी आली होती. गडचिरोलीहून आर्णीला यायला बसने एक दिवस लागतो. या कामाला लंडन आणि जिनिव्हामार्गे बारा वर्षं लागली. तरी पोहोचलं, हे काय कमी आहे?

मग प्रश्न राहतोच, बावस्कर-बंग-बारामती सगळे बाहेर का छापतात? कारण सरळ आहे. तिथे छापलं तर दिल्लीतला अधिकारीसुद्धा वाचतो. आपलेच लोक आपलं नियतकालिक बाहेरच्याच्या नंतर उघडतात. परळच्या त्रैमासिकाचं मोल मला यात वाटतं की त्याने ती वाट निदान दोन्ही बाजूंनी चालती केली. बाहेरचा वाचक इथे येऊ शकतो, आणि तालुक्याच्या डॉक्टरला वाचायला डॉलर मोजावे लागत नाहीत.

सगळं मोफत ते सगळं चांगलं, असंही समजू नका. २०१३ मध्ये 'सायन्स'चे पत्रकार जॉन बोहॅनन यांनी एक खोटा निबंध बनवला. दगडफुलासारख्या लायकेनमधल्या रेणूने कॅन्सरच्या पेशी मरतात वगैरे, आणि त्यात बारावीचा मुलगाही पकडेल अशा चुका मुद्दाम ठेवल्या. तो ३०४ ओपन ॲक्सेस नियतकालिकांना पाठवला. १५७ जणांनी स्वीकारला! ९८ जणांनी नाकारला. स्वीकारणाऱ्यांत एक मेडनोचंही नियतकालिक निघालं, आणि मूळ कंपनीने ते बंदच करून टाकलं. मोठं नाव असलं तरी प्रत्येक अंकामागे कोणीतरी डोळे उघडे ठेवून बसलेलं लागतं. भारतात तर असल्या पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या दुकानांचा सुळसुळाट आहे. यूजीसीने चांगल्यांची यादी करून पाहिली, ती 'केअर' यादीही २०२५ मध्ये बंद केली आणि पारख करायची जबाबदारी कॉलेजांवर टाकली.

वर्गणीच्या नियतकालिकांचं काय, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, जानेवारी २०२५ पासून. पण पहिल्या टप्प्यात फक्त सरकारी संस्था. म्हणजे काकाला तपासणाऱ्या मॅडमसारख्या सरकारी कॉलेजातल्या डॉक्टरांना फायदा, हे उत्तमच झालं. आपल्यासारख्या खाजगी कॉलेजच्या पोरांनी मात्र मोफत असेल तेवढंच वाचायचं. बारामती आणि श्रीलंकेचे दोन्ही निबंध मी हॉस्टेलच्या वायफायवर शोधले (रात्री एकनंतर, तेव्हाच ते चालतं). 'लॅन्सेट' मुख्यतः वर्गणीवर चालतं, त्यामुळे आपल्या बारामतीचा निबंध मला सारांशावरच भागवावा लागला. श्रीलंकेचा ओपन ॲक्सेस होता, तो शेवटच्या तक्त्यापर्यंत वाचला. दिवाळीत गावी गेलो तेव्हा काकाला दोन्ही समजावून सांगितले. काकाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मले दिलं नाही ते बरं झालं का वाईट झालं?" मला उत्तर देता आलं नाही. खरं तर अजून कोणालाच नीट देता येत नाही.

आता मंग्याचं. आम्ही दोघांनी बसून त्या 'इंटरनॅशनल जर्नल'ची चौकशी केली. इम्पॅक्ट फॅक्टर देणाऱ्या खऱ्या सूचीत त्याचं नावच नव्हतं. तो सात कुठल्या तरी भलत्याच संस्थेने दिलेला, आणि तो देणाऱ्या संस्थेलाही पैसे भरावे लागतात असं दिसलं. संपादक मंडळातल्या एका प्राध्यापकांना मेल केला, तर त्यांनी कळवलं की आपलं नाव तिथे आहे हे त्यांना आजच कळलं. मंग्या दोन दिवस गप्प होता. मग त्याने पेपर गाईड सरांना दाखवला, सरांनी लाल पेनने चौदा ठिकाणी खुणा केल्या आणि टेस्टिंगची रीडिंग पुन्हा घ्यायला सांगितली. सध्या तो लॅबमध्येच असतो. पंधराशे रुपये भरलेले नाहीत. काल रात्री त्यांचा तिसरा मेल आला: खास सवलत, फक्त बाराशे, सर्टिफिकेट लॅमिनेशनसह.